एच.आय.व्ही. : भीती आणि वस्तुस्थिती



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनी याच शाळेत आम्हाला सूक्ष्मदर्शकातून तळ्याच्या पाण्याचा थेंब दाखविला होता. न दिसणाऱ्या गोष्टीला भिण्यापूर्वी ती नीट पाहून घ्यावी, ही त्यांची शिकवण. मी ती एकदा विसरलो. त्याची कबुली देऊनच विषयाला आरंभ करतो.

१९८९ साली मी नुकताच डॉक्टर झालो होतो. त्याच वर्षी आपल्या गोव्यात डॉमनिक डिसोझा या तरुणाला एच.आय.व्ही.ची लागण असल्याचे त्याने केलेल्या रक्तदानातून उघड झाले. तत्कालीन आरोग्य कायद्याच्या आधारे त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकाकी ठेवण्यात आले. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. 'समाजाचे रक्षण व्हावयासच हवे' असे तेव्हा म्हणणाऱ्यांत मीही होतो. डॉमनिकने १९९२ मध्ये 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी त्याचे निधन झाले.

वस्तुतः तेव्हाही शास्त्र स्पष्ट होते. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हा विषाणू सापडला होता. तो बाधित रक्तातून, दूषित सुईतून, असुरक्षित लैंगिक संबंधातून आणि मातेकडून बाळाकडे जातो. हस्तांदोलनातून, सहभोजनातून वा डासांमुळे नाही. मग त्या भिंतींनी रक्षण कोणाचे केले? कोंडले जाण्याच्या धास्तीने माणूस तपासणीच टाळतो, आणि रोग नकळत पसरतो.

हा विषाणू रोगप्रतिकाराची धुरा वाहणाऱ्या सी.डी.४ पेशींत शिरतो, आपला जनुकीय मजकूर त्यांच्या मजकुरात मिसळतो आणि त्यांच्याकडूनच आपल्या प्रती काढून घेतो. काही पेशींत तो वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो. म्हणूनच त्याचे समूळ उच्चाटन करणारे सर्वांसाठीचे औषध आजही नाही. परंतु १९९६ च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि चित्र पालटले. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळू लागली. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नियमित घेतली की रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका घटतो, आणि तो तसाच घटलेला राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचार हाच प्रतिबंध ठरला आहे. मात्र औषध सोडले की विषाणू पुन्हा डोके वर काढतो.

याखेरीज निरोध, तपासलेले रक्त, निर्जंतुक सुई आणि प्रत्येक गरोदर स्त्रीची चाचणी ही साधने आहेतच. धोका असणाऱ्यांसाठी आधीच घ्यावयाची औषधे आहेत. आणि संसर्गाचा संभव घडून गेल्यावरही ७२ तासांच्या आत सुरू करावयाचा २८ दिवसांचा औषधक्रम आहे. २०१७ च्या केंद्रीय कायद्याने बाधितांशी नोकरीत, शिक्षणात वा उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे.

पुढे एका बाधित रुग्णाने आपल्या घरी माझ्यापुढे चहा ठेवला. मी कामाचे निमित्त सांगून उठलो. सारे ज्ञान असूनही हात पुढे झाला नाही. तो रुग्ण आज हयात नाही. तो कप मात्र माझ्यापुढे अजून तसाच आहे. आपल्यापैकी कोणापुढे असा कप आला, तर तो आपण घ्यावा, एवढीच विनंती करतो आणि गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून आपली रजा घेतो.