छत्तीसगडचा प्रारंभिक उन्हाळा : हवामानाचा अंदाज वाचताना

(रायपूर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर एप्रिलच्या प्रारंभी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मार्च संपता संपता भारतीय हवामानशास्त्र विभाग एप्रिल ते जून या उष्ण ऋतूचा दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध करतो. ही प्रथा २०१६ पासून सुरू आहे. ‘मध्य भारतात कमाल तापमान सामान्यापेक्षा अधिक राहण्याची शक्यता’ अशा स्वरूपाचे वाक्य आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. परंतु या एका वाक्याचा अर्थ रायपूरच्या बांधकाम मजुराला, मैनपाटच्या शेतकऱ्याला आणि बस्तरच्या जंगलात तेंदूपत्ता तोडणाऱ्या स्त्रीला एकच नसतो. तो वेगळा का असतो, याचा आज विचार करू.

प्रथम भूमी पाहू. १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आलेल्या या राज्याचे तीन ठळक नैसर्गिक भाग पडतात. मध्यभागी महानदी व शिवनाथ यांच्या खोऱ्यातील मैदान, म्हणजे ‘धानाचे कोठार’. उत्तरेस सरगुजाचा डोंगराळ प्रदेश आणि दक्षिणेस बस्तरचे पठार. पश्चिमेकडे मैकल पर्वतरांग आहे. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, तर सरगुजातील मैनपाट सुमारे १००० मीटरवर आहे. उंचीनुसार दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने घटते. या हिशेबाने दोन्ही ठिकाणांत केवळ उंचीमुळे साडेचार अंशांचा फरक संभवतो. वनाच्छादनाचाही त्यास हातभार लागतो.

आता वारे. उन्हाळ्याच्या प्रारंभी वायव्येकडून येणारी कोरडी, तप्त हवा मैदानावर पसरते. समुद्र दूर असल्याने तिला अटकाव होत नाही. मे महिन्यात रायपूरचे सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या आसपास असते. याच काळात बंगालच्या उपसागरावरून आर्द्र हवाही अधूनमधून आत शिरते. तापलेली जमीन, आर्द्रता आणि डोंगरउतारांवरून वर चढणारी हवा यांच्या योगाने दुपारनंतर मेघगर्जनेसह वादळे होतात. महाराष्ट्रात आपण ज्याला वळीव म्हणतो, त्याच जातीचा हा पाऊस. म्हणून ‘उष्ण उन्हाळा’ याचा अर्थ ‘कोरडा उन्हाळा’ असाच होतो असे नाही. एकाच आठवड्यात मैदानात उष्णतेचा आणि डोंगराळ भागात विजांचा इशारा असू शकतो.

ऋतूचा अंदाज ही भविष्यवाणी नव्हे, ती संभाव्यता आहे, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. गतकाळातील नोंदींवरून ‘सामान्यापेक्षा कमी’, ‘सामान्य’ आणि ‘सामान्यापेक्षा अधिक’ असे तीन समान वर्ग केले जातात. विशेष संकेत नसल्यास प्रत्येकाची शक्यता सुमारे ३३ टक्के असते. ‘अधिक’ या वर्गाची शक्यता ६० टक्के वर्तवली, तरी उरलेले ४० टक्के शिल्लक राहतातच. शिवाय असा अंदाज तीन महिन्यांविषयी असतो. १२ मे रोजी काय होईल हे तो सांगत नाही. त्यासाठी दर गुरुवारी निघणारा विस्तारित कालावधीचा अंदाज आणि पुढील काही दिवसांचे हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल या रंगांतील इशारे पाहावे लागतात. ऋतूचा अंदाज तयारीसाठी, आठवड्याचा नियोजनासाठी आणि दिवसाचा कृतीसाठी, असा हा क्रम आहे.

‘उष्णतेची लाट’ ही संज्ञाही काटेकोर आहे. कमाल तापमान मैदानी भागात किमान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश झाल्याखेरीज लाटेचा विचार होत नाही. त्यानंतर सामान्यापेक्षा साडेचार ते ६.४ अंश वाढ असल्यास लाट, त्याहून अधिक असल्यास तीव्र लाट. मैदानात प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेले तर लाट आणि ४७ अंशांवर गेले तर तीव्र लाट मानतात. एका हवामानशास्त्रीय उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती असावी लागते व दुसऱ्या दिवशी घोषणा होते. संपूर्ण छत्तीसगड हा असा एकच उपविभाग आहे.

या निकषाचा एक परिणाम पाहा. ज्या दिवशी सामान्य तापमान ३८ अंश आहे, त्या दिवशी ४३ अंश ही लाट ठरेल. सामान्य तापमान ४२ असताना ४४ अंश ही लाट ठरणार नाही. शरीर हळूहळू उष्णतेस सरावते, म्हणून या निकषास शास्त्रीय आधार आहे. तथापि ४४ अंशांत विटा वाहणाऱ्याचे कष्ट ‘लाट नाही’ या नोंदीने कमी होत नाहीत.

येथे तेंदूपत्त्याचे उदाहरण बोलके आहे. हे पान एप्रिल-मे महिन्यांतच तोडणीयोग्य होते, म्हणजे मजुरीचा हंगाम आणि उष्णतेचा हंगाम एकच. ५० पानांचा एक पुडा आणि १००० पुड्यांचा एक मानक बोरा. राज्य शासनाने २०२४ मध्ये मानक बोऱ्याचा दर ४००० वरून ५५०० रुपये केला. म्हणजे ५० हजार पाने तोडावी, निवडावी व बांधावी, तेव्हा ही रक्कम हाती येते. कुटुंबे पहाटेच जंगलात जातात, दुपारी पुडे बांधतात आणि फडावर पोहोचवतात. फडावर पाने उन्हात वाळवली जातात. त्यांना ऊन हवे असते, माणसाला ते नको असते. अवकाळी पाऊस वा गारपीट झाली तर पाने खराब होतात. या कुटुंबाला दोन्ही अंदाज हवे असतात आणि ते वेळेवर, गावाच्या पातळीवर व त्याच्या बोलीत हवे असतात.

साधने वाढली आहेत. विजेच्या पूर्वसूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ आणि कृषी सल्ल्यासाठी ‘मेघदूत’ ही ॲप उपलब्ध आहेत. मे २०१० च्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आणला व तो इतर शहरांना मार्गदर्शक ठरला. परंतु शहराचा आराखडा जंगलातल्या फडाला जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे पाणी, सावली, क्षारसंजीवनीची पाकिटे आणि संकलनाच्या वेळांतील बदल यांचा विचार त्या भूमीनुसार करावा लागेल. लोकांजवळचे ज्ञानही मोलाचे आहे. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खाण्याची येथील ‘बोरे-बासी’ हा पाणी व मीठ पोटात जाण्याचा सोपा मार्ग आहे.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कोणी प्रशासनात जाईल आणि त्याच्या टेबलावर उपविभागाचा अंदाज येईल. त्या वेळी त्याने तीन प्रश्न विचारावेत : ही शक्यता किती आहे? माझ्या जिल्ह्यातील डोंगर आणि मैदान यांना ती कशी लागू होते? आणि त्या दिवशी उघड्यावर काम कोण करणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे परीक्षेत गुण मिळवून देतील. तिसऱ्याचे उत्तर वेळेवर शोधले, तर कोणाचा तरी जीव वाचेल.