डीबगर चुकीचं दाखवतो तेव्हा

प्रोग्रॅम ४०व्या ओळीवर थांबवला, एक पाऊल पुढे टाकलं, तर तो ३८व्या ओळीवर उडी मारतो. ज्या व्हेरिएबलमध्ये आत्ताच ५ भरले, तिथं डीबगर भलताच आकडा दाखवतो. अशा वेळी आपला कोड लगेच बदलायला घेऊ नका.

आधी पाहा, सोर्स फाइल बिल्डनंतर बदलली आहे का? तसं असेल तर दिसणाऱ्या ओळी आणि चालणारा प्रोग्रॅम वेगवेगळे असतात.

तसं नसेल, तर बहुधा कारण कंपायलरचं ऑप्टिमायझेशन. वेगासाठी कंपायलर सूचना मागेपुढे करतो, व्हेरिएबल मेमरीऐवजी प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये ठेवतो आणि त्याची गरज संपली की ते रजिस्टर दुसऱ्या कामाला लावतो. जीडीबी हा डीबगर ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ म्हणतो तेव्हा बरंच म्हणायचं, निदान किंमत उरलेली नाही हे कळतं तरी. खरा घोटाळा होतो तो शिळी किंमत गुपचूप समोर येते तेव्हा.

ऑप्टिमायझेशन बंद करून, डीबग माहितीसह पुन्हा बिल्ड करा. जीसीसी या कंपायलरमध्ये २०१३च्या ४.८ आवृत्तीपासून खास डीबगिंगसाठी ‘ओजी’ हा पर्यायही आहे. मात्र तेवढ्यानं बग नाहीसा झाला, तर तो सुटला असं मुळीच समजू नका. तो फक्त लपलेला असू शकतो, म्हणून सुरुवातीची किंमत न दिलेलं एखादं व्हेरिएबल आहे का, ते तपासा.