साथीचे नियम आणि सामान्य माणूस
(ज्युबिली समारंभांतील भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं रोगराईचा विषय काढावा, हें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु मुंबईच्या जुन्या गांवठाणांतून जातांना प्लेगच्या काळीं उभारलेले क्रूस आजही दृष्टीस पडतात, आणि २०२० सालीं बंद झालेलीं ख्रिस्तमंदिरांचीं दारें तर आपण सर्वांनींच पाहिलीं. तेव्हां सामान्य लोक साथीचे निर्बंध पाळतात कीं नाहीं, हा प्रश्न आपणांस परका नाहीं. अडाणी लोक नियम मोडतात व शहाणे पाळतात, असें सोपें उत्तर नेहमीं ऐकूं येतें. तें आम्हांस मान्य नाहीं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं प्लेग ओळखला. लागलीच रोगी हुडकून त्यांस इस्पितळांत नेण्यास आरंभ झाला. आतां, त्या वेळचें प्लेगचें इस्पितळ म्हणजे काय, हें ध्यानीं घेतलें पाहिजे. रोगावर औषध नव्हतें; आंत गेलेलीं बहुतेक माणसें परत येत नसत, आणि आंत काय चाललें आहे याचा घरच्यांस पत्ता नसे. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढील कांहीं महिन्यांत सुमारें निम्में शहर गांवीं निघून गेलें. पुण्यांत १८९७ सालीं घरें तपासण्यास गोरे सोल्जर धाडले, आणि त्या रोषाची परिणति २२ जून रोजीं रँडसाहेबांवर झाडलेल्या गोळींत झाली.

परंतु याच लोकांची दुसरी बाजूही आहे. गांवांत उंदीर मरून पडूं लागले कीं दख्खनचे शेतकरी आपण होऊन घरें सोडीत आणि शेतांत झोपड्या घालून राहत. नांदतें घर ओस टाकण्याइतका कठीण नियम दुसरा कोणता? तो त्यांनीं पाळला, कारण त्यांत मायलेकरांची ताटातूट नव्हती. मुंबईंतही निरनिराळ्या समाजांनीं आपापलीं प्लेग-इस्पितळें काढलीं, तेव्हां सरकारी इस्पितळास भिणारे लोक तेथें आपले रोगी आणूं लागले.

१ एप्रिल २०२० रोजीं धारावींत कोरोनाचा पहिला रोगी आढळला. एकेका खोलींत आठ-दहा माणसें, संडास सार्वजनिक. तेथें 'घरींच रहा' हा हुकूम पाळावा तरी कसा? महापालिकेनें वस्तींतलेच खाजगी डॉक्टर बरोबर घेतले, घरोघर तपासणी केली, संशयितांस शाळांतून व मंगल कार्यालयांतून ठेवून दोन वेळचें जेवण दिलें. लोक गेले. ज्या शहरानें १८९६ मध्यें इस्पितळावर दगड उचलले, त्याच शहरांत! हा रोग प्लेगइतका मारक नव्हता, हेंही खरें. बरा होऊन परतलेला शेजारी डोळ्यांसमोर दिसत होता. जुलैंत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीं धारावीचा नांवानिशीं गौरव केला.

उलटपक्षीं, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी होतांच मजुरी बुडालेलीं माणसें पोरेंबाळें घेऊन पायींच गांवीं निघालीं. त्यांस बेशिस्त म्हणणारे बहुधा चालू पगारावर घरीं बसून बोलत होते.

आपल्या समाजाची खरी कसोटी दफनभूमींत लागली. ३० मार्च २०२० रोजीं मुंबई महापालिकेनें, धर्म कोणताही असो, कोरोनानें मेलेल्यांचें दहनच करावें असा हुकूम काढला, आणि त्याच दिवशीं तो फिरवला. सकाळचा हुकूम संध्याकाळीं फिरला कीं दुसऱ्या दिवशींच्या रास्त हुकुमावरही कोणाचा विश्वास बसावा? तरीही पुढें अंत्यविधीस वीसच माणसांची मर्यादा आली, ती आपल्या लोकांनीं पाळली. (लग्नांना पन्नासांची परवानगी होती; हळदीच्या रात्रीं ती मोजणी अनेक मांडवांत चुकली, हेंही सांगितलेंच पाहिजे.) एरव्हीं ज्या मातीला सबंध गांव लोटतो, तेथें वीस माणसें आंत गेलीं आणि बाकीच्यांनीं आपापल्या दारांत रोझरी म्हटली. कित्येक ठिकाणीं फाटकावर पोलीस नव्हता. मोजणी कुटुंबांनींच केली. मुलगे, लेकी, सुना, नातवंडें यांतून कोणाला वगळावयाचें, हें ज्यांना मृतदेहाशेजारीं बसून ठरवावें लागलें, त्यांतील कांहीं मंडळी आज या मंडपांत आपल्यामध्येंच बसलीं आहेत.