बांधावरचं फूल आणि गटाचा मोबाइल

आम्ही बचत गटातल्या बाया. आज फुलांच्या फोटोंविषयी बोलणार आहोत. हारातल्या फुलांच्या नव्हे, तर बांधावरच्या, रोज पायाखाली येणाऱ्या फुलांच्या.

गटाच्या हिशेबासाठी आम्ही मोबाइल घेतला होता. फाल्गुनात हरभरा निघाला, जरा उसंत मिळाली. एकीनं गंमत म्हणून दगडी पाल्याच्या फुलाचा फोटो काढला. विळा लागला की आपण ज्याचा पाला चोळून लावतो, तोच हा. फोटो मोठा करून पाहिला, तर मधल्या पिवळ्या गोंड्यात इवली इवली फुलं वेगळी दिसत होती. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो अख्खा गुच्छ निघाला!

मग नादच लागला. पाडव्याला आपण कडुलिंबाचा फुलोरा वाटून खातो, पण त्याच्या फुलाला पाच पांढऱ्या पाकळ्या असतात हे कुणी मोजलं होतं? आंब्याच्या मोहोरात काही फुलांच्या मध्ये हिरवा ठिपका दिसला. आंबा धरतो तो त्याच फुलांना. बाकीची नर फुलं, ती गळायचीच.

फोटो काढणं अवघड नाही. सकाळी ऊन कोवळं असताना आणि वारा पडलेला असताना जा. मोबाइलची काच मऊ कापडानं पुसा. फुलाच्या उंचीला खाली बसा. वीतभर अंतर ठेवा, फार जवळ गेलं की फोटो धूसर येतो. पडद्यावर फुलावर बोट टेकवा, कोपरं गुडघ्यावर टेकवा आणि श्वास रोखून फोटो काढा. पानाचाही एक काढा, म्हणजे ओळख पटते. फूल तोडू नका.

आमच्या गटात एक आजी आहेत. त्यांना आता बारीक दिसत नाही. बांधावरच्या एका जांभळ्या फुलाचा फोटो मोठा करून त्यांच्यापुढं धरला. त्या लगेच म्हणाल्या, "अगं, ही तर भुईरिंगणी! दशमुळातली." आमच्यातल्या सुनांना ते नाव ठाऊकच नव्हतं.

आठ दिवसांनी तिथं गेलो, तर झाड करपलेलं. बांधावर तणनाशक मारलं होतं. मारणारे परके नव्हते, आमच्याच घरचे होते. आमच्याजवळ उरला तो फोटो आणि आजींनी सांगितलेलं नाव.

त्या रात्री घरोघरी तो फोटो दाखवला. थोडं हसू झालं, थोडा वाद झाला. शेवटी बांधाचा एक तुकडा तणनाशकाविना ठेवायचं ठरलं. तिथं खुरपंच चालवायचं, तेही बघून.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही अशा आजी असतील. या आठवड्यात एका फुलाचा फोटो काढा, त्यांना दाखवा आणि त्या सांगतील ते नाव त्यांच्याच आवाजात मोबाइलमध्ये भरून ठेवा. फूल पुढच्या वर्षी पुन्हा येईल, पण नाव विसरलं तर ते कोण सांगणार?