चमचाभर विरजण

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास म्हटला की लिंकन आणि डॉ. किंग ही नावं तुम्ही मला सांगाल. मी आज बोलणार आहे ते वर्गणीच्या वहीबद्दल.

१७८७ साली फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि ॲबसलम जोन्स यांनी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ काढली. दोघांचाही जन्म गुलामीतला. नियम असा, की दरमहा एक शिलिंग भरायचा. वर्षभर भरला की अडल्यानडल्या सभासदाला आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळायचे. सभासद गेला तर त्याच्या विधवेकडे, पोरांकडे संस्था बघायची. हे दान नव्हतं, बरं का. स्वतःच्या वर्गणीतून उभा केलेला हक्क होता.

आपल्या घरी दूध कितीही कमी असो, आई चमचाभर विरजण बाजूला काढतेच. पोरानं हट्ट केला तरी त्याला हात लावू देत नाही. विरजण लावलं की भांडं हलवायचं नाही, घाई केली तर दही लागत नाही. ते वर्षभर थांबणं मला तसंच वाटतं. आणि शेजारणीचं विरजण संपलं तर ते आपल्याच घरातून जातं! या संस्थेतल्या माणसांनीच पुढे १७९४ मध्ये दोन चर्च उभी केली.

आपल्या जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. तेवढं आपण मुलांना शिकवतो. मुक्त झालेल्यांनी स्वतःसाठी काय केलं, हे मात्र शिकवत नाही, आणि याची मला खंत आहे.

या मुक्त झालेल्यांसाठी सरकारी कायद्यानं काढलेली फ्रीडमन्स बँक १८७४ साली बुडाली. हजारो गरिबांची पुंजी गेली. तरी रिचमंडमध्ये, एका धोबिणीच्या लेकीनं, मॅगी वॉकरनं, १८९९ साली ‘सेंट ल्यूक’ ही मदत-संस्था हाती घेतली, तेव्हा तिजोरीत होते ३१ डॉलर ६१ सेंट. चारच वर्षांत तिनं संस्थेची बँक काढली. बँकेच्या नावातच ‘पेनी’ होतं. पुन्हा सांगते, दान नव्हे, वर्गणी!

१७९३ च्या पीतज्वरात ॲलन-जोन्सच्या माणसांनी फिलाडेल्फियाची शुश्रूषा केली, मृतांना मूठमाती दिली, तेही सांगायचं होतं, पण वेळ संपत आलीय. एवढंच करा: घरात भिशीची, बचत गटाची जुनी वही सापडली तर ती रद्दीत घालू नका.