वगळलेला धडा



मी वैद्य नव्हें, डॉक्टर तर नव्हेंच. मॅट्रिक झालों, अध्यापनाचें शिक्षण घेतलें आणि एका खेड्यांतील शाळेंत तीस-बत्तीस वर्षें मुलें शिकविलीं. आजचा विषय साठी उलटलेल्या एका मास्तरानें बोलावा काय, अशी शंका कित्येकांच्या मनांत येईल. माझ्याहि मनांत ती आली होती. परंतु या विषयाच्या बाबतींत माझ्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती आपल्यापुढें मांडल्यावांचून मला चैन पडणार नाहीं.

शाळेंत शास्त्राचा तास माझ्याकडे असे. पुस्तकांत प्रजननाचा एक धडा होता. दर वर्षीं तो धडा आला म्हणजे "हा घरीं वाचा" असें सांगून मी पुढचें पान उघडीत असें. त्या वर्गांत एके वर्षीं माझी पुतणीहि बसली होती. घरीं तो धडा तिला कोणी समजावून सांगणार नाहीं, हें मला पुरतें ठाऊक होतें.

तेविसाव्या वर्षीं तिचें लग्न झालें. चार वर्षें लोटलीं, तरी कूस उजवली नाहीं. मग आपल्याकडे जें होतें तेंच झालें. सोमवार झाले, चतुर्थ्या झाल्या. शेजारच्या डोहाळजेवणाचें बोलावणें तिच्या सासूबाईंना येई, तिला येत नसे. जांवईबापूंची तपासणी करावी, हें तर कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. आणि मी, घरांतला शिकलेला मनुष्य, "देवाच्या मनांत असेल तेव्हां होईल" एवढें बोलून मोकळा झालों.

पुढें तालुक्याच्या गांवीं एका डॉक्टरीणबाईंनीं तिला पहिलाच प्रश्न विचारला, "पाळी किती दिवसांनीं येते?" ती म्हणाली, "दोन-तीन महिन्यांनीं. पहिल्यापासून तशीच." पहिल्यापासून म्हणजे चौदा वर्षें! घरांतील सर्व बायकांना हें माहीत होतें. "बरें आहे, दर महिन्याची कटकट नाहीं," असेंच त्या म्हणत आल्या होत्या. तिच्या मानेवरची कातडी काळसर आणि मखमलीसारखी जाड झाली होती. तो मळ समजून आमच्या वहिनी नारळाच्या काथ्यानें ती मान घाशीत असत. डॉक्टरीणबाईंनीं ती मान पाहिली, रक्त तपासविलें आणि सांगितलें, "हिच्या शरीरांत इन्सुलिन आहे, नव्हे, जरुरीपेक्षां अधिकच आहे, पण शरीर त्याचें ऐकत नाहीं."

हें ऐकत नाहीं म्हणजे काय, तें मी माझ्या धंद्यांतील दाखल्यानें सांगतों. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बॅन्टिंग आणि बेस्ट यांनीं स्वादुपिंडांतून इन्सुलिन वेगळें काढलें, हें आपणांस माहीत असेल. रक्तांतील साखर स्नायूंत आणि चरबींत शिरावी, असा हुकूम देणें हें त्याचें काम. आतां वर्ग एका हांकेंत ऐकत नसला म्हणजे मास्तर आवाज चढवितो. वर्ग कसाबसा ऐकतो खरा, परंतु शेजारच्या वर्गाला त्या ओरडण्याचा त्रास होतो. येथेंहि तसेंच घडतें. स्नायू ऐकेनासे झाले म्हणजे स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडतें. साखर आटोक्यांत राहते, म्हणून साध्या तपासणींत कित्येकदां कांहीं दिसतहि नाहीं. मात्र शेजारचा वर्ग, म्हणजे बीजकोश, बहिरा झालेला नसतो. त्या चढलेल्या आवाजानें तो पुरुषी संप्रेरकें अधिक तयार करूं लागतो. इकडे यकृत त्या संप्रेरकांना बांधून ठेवणारें प्रथिन कमी करतें. परिणामीं स्त्रीबीजें अर्धवट वाढून थांबतात, वेळेवर बाहेर पडत नाहींत. आणि बीजच बाहेर पडलें नाहीं, तर गर्भ कोठून राहणार?

हा विकार आज पीसीओएस या नांवानें लोकांस परिचित आहे. १९३५ सालीं शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनीं अशा सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. इन्सुलिनशीं त्याचा संबंध संशोधकांच्या ध्यानीं यावयास १९८० साल उजाडावें लागलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें दर शंभर तरुण स्त्रियांत दहाच्या आसपास स्त्रियांना हा विकार असतो, आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना तो असल्याचें कळलेलेंच नसतें.

कोणी म्हणेल, हा लठ्ठ बायकांचा रोग. माझी पुतणी लठ्ठ नव्हती. येथें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचें काम आठवतें. २००४ सालीं त्यांनीं आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं आपलेच फोटो 'लॅन्सेट' या साप्ताहिकांत छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२·३. पण शरीरांतील चरबी युडकिन यांची ९·१ टक्के, तर याज्ञिकांची २१·२ टक्के! आपल्यांतील पुष्कळांचें शरीर वरून सडपातळ आणि आंतून चरबीचें असतें. म्हणून केवळ कांट्यावरच्या आंकड्यावर विसंबून राहूं नये.

आणि आमच्या उपासांचें काय? त्या चार वर्षांत माझ्या पुतणीनें आठवड्यांतून दोन-दोन दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाटा, खजूर आणि साखरेचें दूध यांवर काढले. साबुदाणा म्हणजे जवळ जवळ निव्वळ पिष्ट. त्यांत प्रथिनें नांवापुरतीं, चोथा नाहींच. जिच्या शरीरांत इन्सुलिन आधींच ओरडत होतें, तिला आम्हीं देवाच्या नांवानें तेंच खावयास घातलें. श्रद्धेची निंदा मी करीत नाहीं. परंतु ताटांत काय आहे, तें श्रद्धेनें बदलत नाहीं.

आतां करावें काय? मुलीच्या पाळीची नोंद दिनदर्शिकेवर ठेवावी. पहिल्या वर्षीं मागेंपुढें होणें स्वाभाविक असतें. पण पाळी सुरू होऊन तीन वर्षें झाल्यावरहि ती पस्तीस दिवसांपलीकडे जात असेल, किंवा वर्षांतून आठांहून कमी वेळां येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावें. थायरॉईडसारखीं अन्य कारणेंहि तपासून घ्यावीं लागतात. ताटांत डाळ, उसळ, भाजी वाढवावी. साखर आणि मैदा कमी करावा. आणि रोज चालावें. वजन अधिक असल्यास तें शेंकडा पांच-दहांनीं उतरल्यावर कित्येकींची पाळी पुन्हां सुरळीत होते. औषधेंहि आहेत. २०१४ सालीं अमेरिकेंत ७५० स्त्रियांवर झालेल्या प्रयोगांत लेट्रोझोल घेणाऱ्या शेंकडा २७·५ स्त्रियांना अपत्यप्राप्ति झाली, तर जुन्या क्लोमिफीननें शेंकडा १९·१ स्त्रियांना. हीं औषधें मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं. पतीची तपासणी पहिल्याच दिवशीं व्हावी. ती सोपी असते आणि तिच्यानें कोणाची अब्रू जात नाहीं. दिवस राहिल्यावर साखर अवश्य तपासावी, कारण अशा स्त्रियांना गरोदरपणींच्या मधुमेहाचा धोका अधिक असतो. आणि जिला मूल नको आहे, तिनेंहि दुर्लक्ष करूं नये. वर्षानुवर्षें पाळी न येणें गर्भाशयाला अपायकारक असतें, आणि पुढें मधुमेह दाराशीं उभा असतो.

माझ्या पुतणीची पाळी आठ-नऊ महिन्यांत मार्गावर आली आणि औषधोपचारानंतर तिला मुलगी झाली. सर्वांनाच असें यश येतें, असें मी म्हणणार नाहीं. कांहींना अधिक उपचार लागतात, कांहींना त्यांनींहि गुण येत नाहीं. परंतु वांझ हा शब्द ज्या घरांत उच्चारला जातो, तेथें तो उच्चारण्यापूर्वीं एखादी साधी नोंद कोणी ठेवली होती काय, एवढें तरी विचारलें जावें.

बारशाच्या दिवशीं ती मला म्हणाली, "काका, तो धडा तुम्हीं शिकविला असता, तर मीं तेव्हांच विचारलें असतें." मजजवळ उत्तर नव्हतें. ज्या शिक्षकबंधुभगिनींच्या हातीं आज तें पुस्तक आहे, त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, तें पान उलटूं नका.