घटका



मी सातवी शिकलेली. काळावर काय बोलणार? पण २०२२ साली मुलीच्या लग्नात गुरुजींनी घटिकापात्र पाण्यात सोडले होते. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. अशा ६० घटकांची दिवसरात्र. अक्षता वाटता वाटता वाटी कधी बुडाली, कळलेसुद्धा नाही.

पुढच्याच वर्षी ह्यांचे ऑपरेशन झाले. मी बाहेर बाकावर. दोन तास, म्हणजे पाचच घटका! भिंतीवरचे घड्याळ बंद पडले असे वाटून मी शिपायाला दोनदा विचारले. चालूच होते.

मग घटका लहानमोठी करते कोण? घरी आल्यावर ह्यांनाच विचारले.

"मला काय ठाऊक?" हे म्हणाले, "मी डोळे मिटले नि उघडले."